वाईट बातमी आधी कोण सांगतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "भारत शेजाऱ्यांना लशी देतो, भूकंपात सगळ्यांत आधी पोचतो, दवाखाने बांधून देतो. तरी नेपाळ, बांगलादेश, मालदीवमध्ये अधूनमधून भारताविरुद्ध घोषणा ऐकू येतात. आपलं सरकार बाजू मांडण्यात कमी पडतं का? बीबीसी किंवा अल जझीरासारखं जागतिक चॅनेल काढलं तर फरक पडेल का? आणि मला या क्षेत्रात काम करायचं असेल तर काय शिकावं?" विचारणारे स्पर्धा परीक्षेची तयारी करत असावेत असं भाषेवरून वाटतं.

उत्तर देण्याआधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. माझी बरीचशी नोकरी सरकारी प्रसिद्धीच्या कामात गेली, त्यातली काही वर्षं शेजारी देशांतल्या आपल्या दूतावासांच्या प्रसिद्धी कक्षात. लष्करातला किंवा जाहिरात संस्थेतला माणूस याच प्रश्नाला वेगळं उत्तर देईल.

प्रश्नच आधी जरा सरळ करून घेऊ. "बाजू मांडण्यात कमी पडतो" असं म्हणताना आपण धरून चालतो की समोरच्याला आपली बाजू ठाऊक नाही आणि ती कळली की तो निवळेल. शेजारी देशांत हे क्वचितच खरं असतं. काठमांडूतला टॅक्सीवाला हिंदी सिनेमे बघतो, हिंदी बातम्या ऐकतो, त्याचा भाऊ दिल्लीत नाहीतर पुण्यात हॉटेलात कामाला असतो. आपण त्याला पुरेपूर माहीत आहोत. त्याची तक्रार वेगळीच असते. त्याच्या घरावर परिणाम करणारा निर्णय दिल्लीत झाला, तो त्याला अफवेतून कळला, आणि विचारायला गेल्यावर कुणी धड उत्तर दिलं नाही. त्यामुळे माझं म्हणणं असं, की चांगल्या बातम्या पोचवण्याची आपली यंत्रणा ठीकठाक आहे. गैरसोयीची बातमी स्वतःहून, वेळेवर आणि त्यांच्या भाषेत सांगण्याची यंत्रणा मात्र जवळपास नाहीच. सुधारणा तिथून सुरू व्हायला हवी.

नेपाळचं 2015 हे वर्ष घ्या. 25 एप्रिलला 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांत आपल्या हवाई दलाची विमानं मदत घेऊन काठमांडूत उतरली. जूनमध्ये पुनर्बांधणीसाठी 1 अब्ज डॉलरची घोषणा झाली. एवढी सद्भावना विकत घेऊन मिळत नाही. पण मे महिना उजाडतो न उजाडतो तोच नेपाळी ट्विटरवर 'गो होम इंडियन मीडिया' सुरू झालं होतं. आपल्या वाहिन्यांचे प्रतिनिधी ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या माणसांच्या तोंडासमोर माइक धरून "कसं वाटतंय?" विचारत होते. सरकारचा यात काहीच दोष नव्हता, पण पाहणाऱ्याच्या लेखी ढिगारा उपसणारा जवान आणि माइकवाला दोघेही 'भारत'च. दूतावासाने त्या वेळी चार शब्द बोलून आपलं अंतर राखायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

खरी घसरण सप्टेंबरात झाली. 20 तारखेला नेपाळने नवी राज्यघटना लागू केली, भारताला लागून असलेल्या तराईच्या पट्ट्यात तिथल्या मधेशी समाजाचं त्या घटनेविरुद्ध आंदोलन पेटलेलं होतं, आणि रक्सौल-बीरगंजसकट सीमेवरच्या नाक्यांवर ट्रक अडकले. ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. दसैं आणि तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, लोकांनी गॅसच्या सिलिंडरविना काढली. नाकेबंदी आम्ही केलेली नाही, पलीकडच्या अशांततेमुळे मालवाहू गाड्या जात नाहीत, अशी आपली भूमिका होती. तिच्यातलं खरंखोटं इथे उकरत नाही. पण हे उत्तर कुणाला होतं ते पाहा. ते नेपाळ सरकारच्या आरोपाला होतं. रिकामं सिलिंडर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न निराळा होता: गॅस कधी येणार, औषधांच्या गाड्या कोणत्या नाक्यावरून सुटतायत, आज किती सुटल्या? याची माहिती रोज संध्याकाळी नेपाळीत देता आली असती. दिली असती तर राग पूर्ण गेला नसता, पण अफवांना मोकळं रान मिळालं नसतं. आणि मुळात धोरणच दबावाचं असेल, तर प्रसिद्धीवाल्याने हात टेकलेले बरे. त्याच्या कामाची ती हद्द आहे.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्यातलं. 20 जानेवारी 2021 रोजी 'व्हॅक्सिन मैत्री' सुरू झाली. सीरममध्ये तयार झालेल्या कोव्हिशील्डचे पहिले डोस भूतान आणि मालदीवला गेले, दुसऱ्या दिवशी नेपाळला 10 लाख आणि बांगलादेशला 20 लाख. विमानतळावरचे फोटो, खोक्यांवरची अक्षरं, सगळं व्यवस्थित होतं. बांगलादेशने भेट मिळालेल्या डोसांखेरीज 3 कोटी डोसांचा पैसे देऊन करारही केला होता. मग आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. घरात माणसं मरत असताना लशी बाहेर पाठवणं कुठल्याच सरकारला जमलं नसतं, हे ढाक्यातल्या सामान्य माणसालाही कळत होतं. पण करारातले 70 लाख डोस पोचल्यावर पुढचे कधी येणार, येणार की नाही, हे त्याला कुणी स्पष्ट सांगेना. बांगलादेशने एप्रिलच्या अखेरीस पहिला डोस देणंच थांबवलं. नेपाळात पासष्टीपुढच्या लाखो ज्येष्ठांचा पहिला डोस होऊन दुसरा लटकला. मे महिन्यात चीनची लस ढाक्यात उतरली, तीही फोटोंसकट.

मार्च महिन्यातच आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी किंवा त्या त्या राजदूतांनी तिथल्या टीव्हीवर बसून इतकंच सांगितलं असतं तर? "आमच्याकडे परिस्थिती हाताबाहेर चालली आहे. पुढचे काही महिने पुरवठा होणार नाही. तुमच्या सरकारने दुसरीकडे सोय पाहावी, त्यासाठी लागेल ती कागदपत्रं आम्ही देऊ. पुढची माहिती अमुक तारखेला सांगू." याने एक डोसही वाढला नसता. पण तिथल्या आरोग्य खात्याला दोन महिने आधी हालचाल करता आली असती, आणि आपला शब्द शाबूत राहिला असता. जानेवारीत बोलायला सगळे पुढे होते. एप्रिलमध्ये बोलायचं काम कुणाचं, हे ठरलेलंच नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेने 1953 साली परदेशी प्रसिद्धीसाठी स्वतंत्र माहिती संस्था काढली होती. शीतयुद्ध संपल्यावर गरज सरली असं समजून 1999 मध्ये ती परराष्ट्र खात्यात विलीन केली. दोन वर्षांत 11 सप्टेंबरचा हल्ला झाला. पुढच्याच महिन्यात शार्लट बिअर्स यांनी हे काम हाती घेतलं. जाहिरात क्षेत्रातलं मोठं नाव. त्यांच्या नेमणुकीवर टीका झाली तेव्हा परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल म्हणाले होते, की त्यांनी मला अंकल बेन्सचा तांदूळ घ्यायला लावला, म्हणजे त्यांना विकता येतं. बिअर्सबाईंनी 2002 च्या रमजानच्या सुमारास अमेरिकेतल्या मुस्लिमांचं सुखाचं जीवन दाखवणाऱ्या जाहिराती काढल्या. त्यात बेकरीवाला होता, शाळेतल्या शिक्षिका होत्या, एक नामांकित डॉक्टर होते. सगळी माणसं खरी, त्यांनी सांगितलेलंही खरं. इजिप्त आणि जॉर्डनच्या सरकारी वाहिन्यांनी त्या दाखवल्याच नाहीत. जिथे दाखवल्या गेल्या तिथे लोक म्हणाले, अमेरिकेत मुसलमान बेकरी चालवू शकतो हे आम्हाला माहीत आहे, आमचं म्हणणं पॅलेस्टाइन आणि इराकबद्दल आहे. मार्च 2003 मध्ये बिअर्स पायउतार झाल्या, त्याच महिन्यात इराक युद्ध सुरू झालं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्याच संरक्षण खात्याला सल्ला देणाऱ्या एका मंडळाने अहवालात लिहून टाकलं, की मुस्लिम जगाचा राग आमच्या स्वातंत्र्यावर नाही, आमच्या धोरणांवर आहे. सरकारी अहवाल इतका सरळ बोलतो हे विरळाच.

आता दूतावासाच्या आत काय होतं ते सांगतो, कारण बाहेरून ते दिसत नाही.

सकाळी प्रसिद्धी कक्षात स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं होतात. ती काढणारा बहुधा तिथलाच कर्मचारी असतो, पगाराच्या उतरंडीत अगदी खालचा. कोणता संपादक कुणाचा मेहुणा, कोणत्या रेडिओ केंद्रावरची बातमी बाजारात खरी मानतात, हे त्याला तोंडपाठ. त्याने लिहिलेला पहिला मसुदा सडेतोड असतो. तो इंग्रजीत होताना थोडा नरम होतो, माझ्यासारख्याच्या टेबलावर आणखी थोडा, आणि वर जाताना "काही घटकांकडून टीका झाली, तथापि एकूण प्रतिसाद सकारात्मक" इतकाच उरतो. कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. वाईट निरोप घेऊन जाणाऱ्याचं वार्षिक मूल्यमापन कोण लिहितो, एवढाच मामला असतो. मला एकच बदल करण्याचा अधिकार मिळाला तर मी त्या खालच्या माणसाचा कच्चा मसुदा, त्याच दिवशी, जसाच्या तसा दिल्लीतल्या निर्णय घेणाऱ्यापर्यंत जायची सोय करीन. त्याला फारसा खर्चही येत नाही.

बाहेर जाणाऱ्या कागदाचीही तीच गत. शेजारच्या एका देशात आपण रुग्णवाहिका भेट दिल्या. आमच्याकडे आलेला प्रेसनोटचा मसुदा असा: "महामहिम राजदूतांच्या शुभहस्ते, मान्यवर मंत्रिमहोदयांच्या उपस्थितीत, उभय देशांतील प्राचीन व सांस्कृतिक संबंधांचे प्रतीक म्हणून रुग्णवाहिकांचे हस्तांतरण करण्यात आले." रात्रपाळीच्या उपसंपादकाला यात छापण्याजोगं काय आहे? त्याने फोन करून विचारलं, गाड्या कोणत्या जिल्ह्यांना, डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार कोण देणार, बिघडली तर सुटे भाग कुठून येणार? शेवटचा प्रश्न टोचणारा होता, कारण आधीच्या काही गाड्या सुट्या भागांअभावी उभ्या होत्या आणि ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही नोट नव्याने लिहिली. वर जिल्ह्यांची नावं आणि बोलवायचा फोन नंबर. मग डिझेल-पगार स्थानिक रुग्णालय देणार, ही माहिती. मग जुन्या उभ्या गाड्यांसाठी सुटे भाग मागवले आहेत आणि ते कधीपर्यंत येतील, हे. राजदूतांचं नाव शेवटच्या परिच्छेदात गेलं. कार्यालयात त्यावरून कुरकुर झाली, पण बातमी पहिल्या पानावर लागली आणि मथळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणाचं नाव होतं.

परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं, हेही मान्य करायला हवं. युद्ध चालू असताना सगळं बोलता येत नाही, बोलूही नये. समोरच्या देशातली वर्तमानपत्रं सरकारच्या मुठीत असतील तर प्रेसनोटपेक्षा शिष्यवृत्त्या, व्यापारी आणि डॉक्टर जास्त कामाला येतात. दूरच्या देशात, समजा चिली किंवा फिनलंडमध्ये, लोकांना आपल्याबद्दल खरोखरच थोडं माहीत असतं. तिथे योग दिन किंवा खाद्यमहोत्सवासारखे कार्यक्रम चालतात. योग दिनाच्या ठरावाला 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांत 177 देश सहप्रस्तावक होते, ते उगाच नाही. पण हाच माल शेजाऱ्यांकडे नेऊन उपयोग नाही, आणि आफ्रिकेतही जपून.

घानाचं उदाहरण बोलकं आहे. जून 2016 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते घाना विद्यापीठाच्या आवारात गांधीजींचा पुतळा बसवला. आपल्या लेखी याहून निर्विवाद भेट कोणती? पण तिथल्या प्राध्यापकांनी गांधीजींचं दक्षिण आफ्रिकेतलं सुरुवातीचं लिखाण काढून दाखवलं, त्यातले आफ्रिकी लोकांबद्दलचे उल्लेख पुढे केले, आणि डिसेंबर 2018 मध्ये पुतळा काढला गेला. गांधींच्या विचारात पुढे किती बदल झाला हे सांगता आलं असतं, पण त्यासाठी आधी विद्यापीठातल्या चार लोकांशी बोलायला हवं होतं. शिवाय त्याच काळात दिल्ली आणि ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या तिकडे रोज पोचत होत्या. पुतळ्याबद्दलच्या रागात त्याही मिसळल्या असणार, असा माझा अंदाज.

विद्यार्थ्यांवरून आठवलं. पुण्यात राहणाऱ्यांना फर्ग्युसन रस्त्यावर आणि विद्यापीठात भेटणारी अफगाण मुलं आठवत असतील. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येणारी ही मुलं म्हणजे आपली सगळ्यांत मोठी जमा. परत जाऊन ती आपल्याबद्दल जे सांगतात ते कुठलंही चॅनेल सांगू शकत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं आणि त्याच महिन्यात आपण देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. पासपोर्ट चोरीला गेल्याच्या बातम्या होत्या, सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं. पण सुट्टीत घरी गेलेले, इथे अर्धी पदवी झालेले विद्यार्थी त्यात अडकले, आणि त्यांच्यासाठी वेगळी रांग, वेगळा ईमेल, निदान "तुमचं प्रकरण कधी पाहू" याचं उत्तर, यांपैकी काहीही लवकर मिळालं नाही. निर्णय झाला त्या खोलीत कुणी एकाने विचारायला हवं होतं, की आपलेच विद्यार्थी यात किती आहेत आणि त्यांना आज रात्री काय सांगायचं?

'संवादाचं धोरण' म्हणतात ते माझ्या लेखी एवढंच आहे. कोणताही मोठा निर्णय जाहीर होण्याआधी फाइलला एक पान जोडलेलं असावं: बाहेरच्या कुणाला याचा फटका बसेल, ते पहिल्यांदा काय विचारतील, आज खरं काय सांगता येईल, आणि पुढचं कधी सांगू. ते पान लिहिणारा माणूस निर्णयाच्या बैठकीत बसलेला हवा. निर्णय झाल्यावर बोलावून "आता हे जरा चांगलं मांडा" असं सांगितलं, की त्याच्या हातात रंगरंगोटीपलीकडे काही उरत नाही. आपल्याकडे यंत्रणा नाही असं नाही. परराष्ट्र मंत्रालयाने 2006 मध्ये सार्वजनिक राजनयाचा, म्हणजे थेट लोकांशी बोलण्याचा, वेगळा विभाग काढला होता, 2010 मध्ये ट्विटरवर खातं उघडलं आणि 2011 साली लिबियातून आपली माणसं आणताना ते उत्तम वापरलं. सुषमा स्वराज तर अडकलेल्या माणसाला स्वतः उत्तर देत. पण ही सेवा मुख्यतः भारतीयांसाठी होती. परक्या माणसाला तसं उत्तर मिळण्याची सोय अजून व्हायची आहे.

आता चॅनेलचं. मराठी वाचक स्वतः अनेक वर्षं 'परदेशी श्रोता' राहिला आहे, म्हणून आपल्याच अनुभवावरून पाहू. 1952 मध्ये माहिती मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे गेला. परक्या देशाच्या केंद्राला लोकांनी डोक्यावर घेतलं, कारण लोकांना हवं ते तिथे मिळत होतं. 1957 ला विविध भारती आली ती त्या धड्यानंतर. सोव्हिएत रशियाची मराठीत छापलेली स्वस्त, देखणी पुस्तकं आपल्या घरोघरी होती. गोष्टींची आणि गणित-विज्ञानाची लोकांनी झिजेपर्यंत वाचली, भाषणांची आणि पंचवार्षिक योजनांची कपाटात कोरी राहिली. बीबीसी मराठी 2 ऑक्टोबर 2017 ला सुरू झाली ती ब्रिटिश सरकारच्या जादा निधीतून. तिच्यावर लोकांनी विश्वास ठेवला तो ती ब्रिटिश सरकारचं कौतुक करते म्हणून नव्हे. अल जझीरालाही कतारच्या राजघराण्याचा पैसा आहे, पण अरब प्रेक्षक तिच्याकडे वळला कारण इतर वाहिन्या लपवत होत्या ते तिथे दिसलं. कतारबद्दल ती हात आखडता घेते, हेही त्या प्रेक्षकाला कळतं. उलट अमेरिकेने 2004 मध्ये अल हुर्रा ही अरबी वाहिनी काढली, भरपूर पैसा ओतला, पण अल जझीराच्या जवळपासही तिला जाता आलं नाही.

तेव्हा सरकारवर टीका करणारी बातमी आपल्याच पैशाने चालणाऱ्या वाहिनीवर सहन करायची तयारी असेल तर जरूर चॅनेल काढा. नसेल तर तोच पैसा आकाशवाणीच्या परदेशी भाषांच्या सेवांकडे वळवा. ही सेवा 1939 पासून आहे, पश्तूपासून सुरू झालेली. नेपाळी, सिंहली, दारी बोलणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना मोबाइलवर ऐकता येईल अशी चांगली निर्मिती, स्वतःचे वार्ताहर आणि थोडं स्वातंत्र्य द्या. यशाचं मोजमापही बदलायला हवं. किती बातम्या छापून आल्या याचा तक्ता महिनाअखेरीला जातो. त्याऐवजी किती अफवा किती तासांत खोडल्या आणि तिथले पत्रकार अडचणीच्या दिवशी आपल्याला आधी फोन करतात की दुसऱ्या दूतावासाला, हे मोजा. दुसरी गोष्ट आकड्यात बसत नाही, पण प्रसिद्धी अधिकाऱ्याला ती बरोबर माहीत असते.

राहिला तुमच्या शिकण्याचा प्रश्न. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच, जर्मन, जपानीची सोय आहे, आणि नोकरीच्या बाजारात त्यांना भाव आहे. पण याच कामात पडायचं असेल तर बांगला किंवा नेपाळी धरा. नेपाळीची लिपी देवनागरीच आहे आणि संस्कृतातून आलेले शब्द भरपूर, मराठी माणसाला पेपर वाचण्यापुरती ती लवकर येते. रोज काठमांडूच्या एका वर्तमानपत्राचा अग्रलेख आणि वाचकांची पत्रं वाचा. भारताविषयी जे आलंय त्यातल्या सगळ्यांत बोचऱ्या पत्राला प्रामाणिक, छापता येईल असं दोनशे शब्दांचं उत्तर नेपाळीत लिहून बघा, दूतावासाच्या वतीने. वर्षभर हे केलंत तर मुलाखतीत काय बोलावं हा प्रश्न उरणार नाही. अडेल तिथे इथेच विचारा, जमेल तसं पाहीन.